रेतीच्या पोत्याच्या जागी

आमच्या लग्नापासून मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी बोलत नव्हते. लग्न आम्ही दोघांनीच जमवलेलं. मी कोरपन्याकडचा, कापसाच्या वावरात वाढलेला. बायको अहेरीकडची, नदीत मासे धरणाऱ्या घरातली. राग होता, पण मानात काही कमी नव्हतं. गेल्यागेल्या पाय धुवायला पाणी, जेवताना माशाचा पहिला तुकडा माझ्या ताटात. फक्त बोलायचं असलं की मामाजी पोरीकडे तोंड करायचे.

"त्याहिले इचार, भात पायजे का."

मी हातभर अंतरावर बसलेला. मीही बायकोलाच सांगायचो, "थोडा घेतो म्हणावं."

दिवाळ्या आल्या नि गेल्या. बायको आम्हा दोघांच्या मध्ये बसून हसायची, पण एकदा चुलीपुढे तिचा आवाज बदलला. "बाबानं तुमाले एकडाव सिदी हाक मारली ना, तं मले माहेर वापस भेटलं म्हणीन." तेव्हापासून मला ती हाक हवी होती. कशीही चालली असती.

आता मामाजींच्या डोंग्याचं, म्हणजे मासे धरायच्या नावेचं सांगतो. कोरलेले दोन ओंडके शेजारीशेजारी बांधलेले, असा तो डोंगा. एका ओंडक्यात एक माणूस बसला की दुसऱ्यात दुसरा लागतोच, नाहीतर सगळं एका अंगाला कलतं. मामाजींचा जुना जोडीदार बल्लारपूरला पोराकडे राहायला गेला, तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या ओंडक्यात रेतीचं पोतं ठेवलं होतं. त्या हिवाळ्यात पोतं फाटलं आणि बायकोनं डाव साधला.

"बाबा, हे हायेत ना. पोत्यापेक्षा वजनदार हायेत."

मामाजींनी बाजारात बैल पाहावा तसं मला खालीवर पाहिलं. मग तिला म्हणाले, "त्याहिले सांग, हालाचं नाई."

अशी माझी पोत्याच्या जागेवर नेमणूक झाली. तिनं पळसाच्या पानांत बांधलेली दोन पुडकी दिली. एकात आमच्यासाठी मोहफुलांचे लाडू, तीळ-जवस घालून. दुसऱ्यात माशांसाठी मोहफुलं, कोंडा आणि सरकीची ढेप मळून केलेला चारा.

धारेच्या मधोमध गेल्यावर खरी पंचाईत झाली. बायको काठावर कपडे धूत होती. आता मामाजी कुणाशी बोलणार? त्यांनी थोडा विचार केला, हातातलं वल्हं डोळ्यांसमोर धरलं आणि त्याला सांगितलं, "त्या बाजूले बसलेल्यानं पाय आत घ्यावा."

मी पाय आत घेतला आणि वल्ह्यालाच म्हणालो, "घेतला."

माझ्या पोटात हसू उकळायला लागलं. पण डोंग्यात हसलं तर डोंगाही हसतो, म्हणून मी ओठ चावून बसलो.

मामाजींनी आपल्याजवळचं पुडकं सोडलं, गोळा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले. मी माझं पुडकं सोडून गरीला चारा लावत होतो, तर बोटांना तीळ लागले. पुडकी बदलली होती! मामाजी माशांचा कोंडा खात होते आणि मी गरीला लाडू लावत होतो. दुसरा कुणी असता तर थुंकून शिव्या दिल्या असत्या. पण शिवी द्यायची तर माझ्याशी बोलावं लागलं असतं. ते हळूहळू सगळा गोळा गिळून गेले आणि वल्ह्याला म्हणाले, "पोरगी सासरी जाऊन रांधनं इसरली."

मी इतका दाबून हसलो की डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही ओंडके थरथरायला लागले.

"हालाचं नाई म्हटलं होतं," मामाजींनी वल्ह्याला दम दिला.

तेवढ्यात माझी गरी ओढली गेली. तिळाचा लाडू माशाला भलताच आवडलेला दिसत होता. आनंदानं मला काही सुचेना. मी गरीची दोरी, तो तंगूस, मुठीला गुंडाळला, एक वेढा, वर आणखी एक. कापसाच्या गाठी बांधणाऱ्याला दोरी म्हटली की गुंडाळायचीच सवय. मासा खाली गेला, तंगूस तळहातात रुतला आणि मी कमरेपर्यंत पाण्यावर वाकलो. मी ओरडत होतो, हसत होतो, काय करत होतो देव जाणे.

"अबे सोड!"

मला वाटलं, काठावरून कुणी ओरडलं.

"सोड ना बे तंगूस! मासा गेला तं जाऊ दे, तू जाशीन ना पाण्यात! पोहता तरी येते का तुले?"

"नाई येत!"

"मंग डोंग्यात बसला काऊन बे?"

"तुमचं पोतं फाटलं होतं ना!"

मामाजी आपला ओंडका सोडून माझ्या अंगावर आले. डोंगा कलला, पाणी आत आलं. त्यांनी एका हातानं माझी कॉलर धरली आणि दातांनी तंगूस तोडला. त्यांच्या जन्मात त्यांनी जाणूनबुजून सोडलेला तो पहिलाच मासा असावा. आम्ही दोघं डोंग्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात धापा टाकत पडलो. मला हसू आवरेना. आमच्याकडे जावयाला 'तू' म्हणत नाहीत, 'बे' तर लांबच राहिलं. आणि मला ते एकामागून एक मिळत होते!

"हात दाखव," मामाजी म्हणाले. त्यांनी दुपट्ट्याची चिंधी फाडून माझा तळहात बांधला.

पाण्यावरून आवाज लांब जातो. आम्ही काठाशी आलो तेव्हा बायको लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात उभी होती, हसत होती आणि उघडउघड रडत होती.

"बाबा, जवायाले 'बे' म्हनते का कोनी?"

"जवाई कुठचा तो? पोहता येत नाई त्याले," मामाजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "उद्या सकायी ये बे. शिकवतो."

"येतो," मी म्हणालो.