सेल बदलून घे

हॉस्पिटलच्या नंबरवरून दुपारी फोन आला की तो सुनंदाचा, आणि निरोप एकच, हे मला वर्षानुवर्षं पाठ झालं होतं. ड्युटीवर तिचा मोबाइल लॉकरमध्ये असायचा, म्हणून ती वॉर्डातल्या फोनवरून मला कळवायची आणि मी एक मजला चढून तिच्या नवऱ्याला, प्रकाशभावजींना, सांगायची. त्या गुरुवारीही मी समोरच्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, "डबल ड्युटी ना गं? सांगते वर." पलीकडून एक कोवळा, अनोळखी आवाज म्हणाला, "मॅडम, मी सुनंदा सिस्टरच्या वॉर्डातून बोलतेय... त्यांच्या घरचं कुणी आहे का तुमच्याजवळ?"

शिफ्ट बदलताना पुढच्या नर्सला एकेका पेशंटची माहिती द्यायची असते, त्याला त्या मुली 'ओव्हर देणं' म्हणतात. सुनंदानं सगळ्या बेडचा ओव्हर दिला, कुणाचं सलाईन किती वाजता संपेल तेही सांगितलं, आणि बूट बदलायला म्हणून स्टुलावर बसली. तिथून ती उठलीच नाही. एक्कावन्न वर्षांची बाई, हॉस्पिटलात, डॉक्टरांपासून वीस पावलांवर. महिना उलटून गेला तरी हे वाक्य माझ्या डोक्यात शिरत नाही.

सुनंदा मूळची ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. लग्न होऊन डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर आली, त्याला चोवीस वर्षं झाली. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, पण माझ्या आईचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं. मासे खाऊन माझा दंड धरतेस, असं आई तिला मुद्दाम म्हणायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "मासे एकदा खाल्ले काकू, साबण दहादा लावला." बिल्डिंगमध्ये कुणाला इंजेक्शन, कुणाचं ड्रेसिंग, कुणाच्या नातवाचा ताप, सगळे तिच्याच दारात. त्यात पहिला नंबर माझा. जिन्यात तिच्या चपला वाजल्या की मी दार उघडून म्हणायची, "अगं, जाता जाता आईचं बीपी बघून जा ना." आठ तास उभी राहून आलेल्या बाईला मी रोज जाता जाता थांबवत होते, आणि त्याला आपलेपणा म्हणत होते. आता लाज वाटते.

दमलेली ती कायमच असायची. इतकी कायम, की ते आम्हाला दिसेनासं झालं. एकदा नवरात्रात नाइट संपवून ती परस्पर ठाण्यात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत आली. मी आधीच उभी होते. माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि उभ्या उभ्या झोपली. रांग पुढे सरकेल तशी मी तिला सरकवत नेली. देवीसमोर आल्यावर हलवलं, तर डोळे न उघडता म्हणाली, "कितवा बेड?" मागच्या बायका हसल्या, मीही हसले. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा सांगून मी लोकांना हसवलं आहे...

एकदाच ती वेगळी दिसली. कामावरून आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि परातीतले मटार सोलायला लागली. किलोभर मटार संपले. मी विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "बाळंतीण होती गं. गेली. मला रडायचं होतं, पण दहा मिनिटांत बेड भरला. रडायचं राहूनच गेलं." टरफलं गोळा करून ती वर गेली. मी तिला थांबवून रडू द्यायला हवं होतं. मी मटारउसळ केली आणि वाटीभर वर नेऊन दिली.

आणि तो बुधवार. आदल्याच दिवशीची संध्याकाळ. मी नेहमीसारखं दार उघडलं. छातीत जळजळतंय, चार वाजेपर्यंत पोटात काही नव्हतं, थोडं थंड दूध दे, म्हणाली. आमच्या घरच्या यंत्रावर आईचं बीपी बघितलं, वहीत लिहिलं. आई ऐंशीची, पण नजर तिखट. ती म्हणाली, "सुनंदा, तुझा चेहरा बरा नाही. आज तुझंही बघ." हो ना करत तिनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. यंत्राचं तोंड तिच्याकडे होतं. आकडा आला. ती जरा वेळ बघत राहिली, मग पट्टा सोडून नीट गुंडाळला. "सेल गेलेत वाटतं, काहीतरीच दाखवतंय. बदलून घे." आईनं तिला उद्या रजा टाकायला सांगितलं. "उद्या दोघीच आहोत काकू, अख्खा वॉर्ड आहे. रविवारी ऑफ आहे, झोपणारे दिवसभर." मी वाणसामानाच्या यादीत 'पेन्सिल सेल चार' असं लिहिलं. मला तेवढंच सुचलं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी आईला गरगरल्यासारखं झालं. त्या बुधवारनंतर पहिल्यांदाच मी यंत्र बाहेर काढलं आणि नवे सेल घेऊन बसले. जुने काढण्याआधी सहज बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला. सेलना काहीही झालं नव्हतं. त्या यंत्रात शेवटचा आकडा साठून राहतो, त्याचं बटण वेगळं आहे. ते दाबलं... एकशे अठ्ठ्याण्णव, खाली एकशे बावीस. वहीत तिच्याच अक्षरात त्या दिवसाचं आईचं बीपी होतं, एकशे चौतीस, ब्याऐंशी.

म्हणजे तिनं वाचलं होतं. असा आकडा दुसऱ्या कुणाचा दिसता, तर तिनं त्याला जागचं हलू दिलं नसतं, डॉक्टरांना धावत आणलं असतं. स्वतःचा दिसल्यावर तिनं उद्या वॉर्डात किती जणी आहेत ते मोजलं. मला तिचा राग येतो. आणि दुधाचा पेला धरून दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माझा त्याहून जास्त येतो.

त्या यंत्रात एकच आकडा मावतो. पुन्हा कुणाच्याही दंडाला बांधलं की हा पुसला जाणार. आईनं सवयीनं बाही वर करून हात पुढे केला होता.

"राहू दे आई," मी म्हटलं. "सेल गेलेत वाटतं."