जामखेडचा वाहेद

आमिनाबी बीडात आमच्या गल्लीत राहायची. पन्नाशीची बाई, गळ्यात काळी पोत, म्हणजे नवरा जिवंत. नवरा मरून पाव शतक उलटलं होतं, आणि हे तिला आमच्याहून चांगलं ठाऊक होतं.

तिचा नवरा वाहेद घासलेटच्या रिकाम्या डब्यांच्या चिमण्या आणि नरसाळी करायचा. १९१४ची लढाई लागली, डबे येईनासे झाले. लढाई म्हटलं की लोक राजे आणि तोफा सांगत बसतात. इंग्रजांनी आपली लढाऊ जहाजं कोळशावरून तेलावर आणली होती आणि तेल होतं इराणात. डोंगरापासून बंदरापर्यंत लोखंडी नळ टाकलेला. तुर्कांच्या बाजूच्या टोळ्यांनी तो फोडला. मग राखणीला फौज, फौजेमागे हमाल, खेचरवाले, कारागीर. १९१६मध्ये नगरला भरती निघाली. सव्वीस वर्षांचा वाहेद म्हणाला, "त्यो नळ म्हंजे लंबा डबाच समज. कथलाचा डाग द्यायचा न् यायचं."

"डब्यावर कुणी गोळ्या घालत न्हाई," आमिनाबी म्हणाली. ती विशीची. तो गेला.

नगर इंग्रजांचं, बीड मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. परक्या राज्यातला म्हणून हाकलतील या धास्तीनं वाहेदनं आपलं गाव सांगितलं जामखेड, हद्दीपलीकडचं. हे तिला कळलं १९१९मध्ये, दिंद्रुडचा खेचरवाला शहादेव बसऱ्याहून परतला तेव्हा.

"भाबी, नळापाशी उन्हानं पडला. दवाखान्यात नेलतं, फुडचं मला ठावं न्हाई. पण कागदावर त्यो जामखेडचा हाय. बीडच्या यादीत कावून हुडकता?"

भावाला घेऊन ती नगरला गेली. कारकुनानं यादी काढली. वाहेद, जामखेड, मयत. खबर जामखेडला धाडली होती, वारस सापडेना म्हणून परत आलेली.

"वारस मीच."

"तुम्ही तर मोगलाईतल्या. जामखेडच्या पाटलाचा दाखला आणा."

पाटील माणूस सरळ, तेच नडलं. "बाई, असा वाहेद आमच्या गावात झालाच न्हाई. खोटं कसं लिहू?"

तिला पेन्शन नको होती. चार महिने दहा दिवस इद्दतीला बसायचं होतं, विधवेनं बसायचं तसं, आणि मग सीताफळवाल्या ख्वाजाशी निकाह. तो तयार होता. काझींनी सगळं शांतपणे ऐकलं. "मेला तो जामखेडचा. तुझा शौहर बेपत्ता. बेपत्ता माणसाची उमर नव्वद होईतो थांबावं लागतं, बेटी."

"न् तवर मी?"

काझींनी पुस्तक मिटून फडताळात ठेवलं.

ख्वाजा सीताफळाचे दोन हंगाम थांबला, मग त्यानं दुसरीकडे लग्न केलं. मी त्याला बोल लावत नाही. नळ तर केव्हाच दुरुस्त झाला होता; घासलेटचे डबे पुन्हा गाड्या भरभरून बीडात येऊ लागले.

आमिनाबी १९४६मध्ये गेली. मयताला आंघोळ घालताना बायकांनी गळ्यातली पोत काढली. वाहेदच्या नव्वदीला अजून चौतीस वर्षं होती.