बुरुजाचा तडा

"पडणार नाही ना?" असं पुटपुटत मिस्त्री भिंतीला आधी तळवा लावायचे, मग कान. भिंत कुठलीही चाले. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपची, कँटीनची, एकदा तर बँकेची! वॉचमन धावत आला होता.

कोकणातला माणूस, चिरे बसवण्यात उमर गेलेली. इथे आम्ही दगड बनवायचो थर्माकोलचे, वरून सिमेंटचा लेप. तेव्हा एका पार्कसाठी जर्मनीतल्या पडक्या किल्ल्याचा बुरुज करायचा होता, जसाच्या तसा. मी ऑफिसात कागदपत्रं सांभाळणारी. फाइलमधला इतिहास मराठीत सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

"नदीकाठच्या डोंगरावर एका सरदारानं बांधला. दोनदा वेढा पडला, एकदा आग लागली. शेवटी शत्रूनं तळाशी दारू ठासून उडवला. बुरुज मधोमध उकलला, अर्धा खंदकात गेला. पडलेले दगड गावकऱ्यांनी घरं बांधायला नेले."

"ते बरं केलं," मिस्त्री म्हणाले. मग हळूच, "उडवला तेव्हा आत माणसं होती, ताई?"

फाइलीत ते नव्हतं.

त्यांच्या जिवाला घोर वेगळाच होता. गावी घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला होता आणि बायको त्याच खोलीत निजायची. ती रोज फोटो पाठवायची. तड्यात आगपेटीच्या काड्या खोवून दाखवायची, किती मावतात ते. पावसाआधी गाव गाठायलाच हवं होतं. पण साहेबांचं एकच, "पहले हँडओव्हर, फिर छुट्टी, इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाला तारीख नसायची.

हँडओव्हरच्या दिवशी सकाळी सातला यार्डात गेले. बुरुजाचा तडा गायब! मिस्त्रींनी पहाटे येऊन तो सिमेंटनं बुजवला होता. वरून घोटून गुळगुळीतही केला होता.

"अहो मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे का? दहाला पार्कवाल्यांच्या जर्मन बाई येतायत! तो तडाच तर बघायला येतायत!"

ते मटकन खाली बसले. "कालपर्यंत एक काडी मावत होती, ताई. आज दोन. फोटो बघितला आणि उघडा तडा डोळ्यासमोर नकोसा झाला."

कप्पाळ माझं! राग आला, रडूही आलं. "उठा. फोडा तो. सुट्टी हवीय ना?"

मिस्त्रींनी छिन्नी उचलली. सिमेंट अजून ओलं होतं म्हणून निभावलं. दर घावाला मिस्त्री थांबायचे, तळवा लावायचे, कान लावायचे. साडेनऊला तडा पुन्हा उघडला, आधीपेक्षा वेडावाकडा. बाईंनी त्यात बोटं घालून पाहिली. किती वेळ पाहिली!

"बघून भीती वाटते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "असाच हवा होता."

"खलास, काम हो गया," साहेब हसले. "मिस्त्री, जाओ घर."

मिस्त्री गेले ते परत आलेच नाहीत. मागची भिंत नवी बांधली, पण बायकोला एकटी सोडून यायला जीव धजत नाही म्हणाले. व्हिसा गेला तो गेला.

परवा लेकीला घेऊन पार्कात गेले होते. बुरुज बघून ती ओरडली, "ममा, इट्स ब्रोकन!" मी तिच्या आइस्क्रीमची काडी घेतली, तड्यात खोवली, फोटो काढला आणि मिस्त्रींना पाठवला. लिहिलं, "आपला बुरुज उभा आहे."

लगेच उत्तर आलं. "कान लावून बघितलात का, ताई?"

शेजारच्या पाळण्याच्या रांगेतली माणसं बघत होती. मी कान लावला.