हाक मारून घेतलेला तंबोरा

केनवडच्या बाजारात मी वांग्यांची टोपली उतरवत होतो. वाशीमहून आलेला बांगडीवाला म्हणाला, “तंबोरेवाले रहीमभाई वारले. बसल्याजागी.” मी त्याच्यावरच खेकसलो, “काहीच्या काही नको बोलू! परवा माह्या मळ्यात भाकर खाऊन गेले होते.” त्यानं माझ्या हातातली टोपली काढून खाली ठेवली. महिना उलटला, अजून ते खरं वाटत नाही.

आमची दोस्ती कडू भोपळ्यांवरची. वेल माझे, कारागिरी त्यांची. वेलावरच वाळलेला भोपळा बोटानं ठोकून, कान लावून ते निवडत आणि चुलीच्या धुरावर टांगून ठेवत. मग त्याच्या कापलेल्या तोंडावर झाकणासारखी लाकडाची तबली, वर दांडी, तारा. पण तंबोरा विकायची त्यांची तऱ्हा जगावेगळी. गिऱ्हाईक खाकरून आलाप घ्यायला लागलं की म्हणत, “गाऊ नका. गातानी माणूस आवाज सजवते. घरच्या कोणाले तरी हाक मारा.” त्या हाकेनं ज्या तंबोऱ्याच्या तारा आपोआप झणकारतील, तो त्याचा. एकदा कापडवाले शेठ नक्षीदार तंबोऱ्यासाठी अडून बसले. पण बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं? शेवटी लाजत “अगं ए!” म्हणून ओरडले. नक्षीवाला ढिम्म, कोपऱ्यातला साधाच गुणगुणला. सगळी गल्ली हसली आणि शेठ साधा घेऊन गेले.

मला मात्र भजनासाठी ते तंबोरा देईनात. दरसाल मी बैलाला, बायकोला, भावाला हाका मारायचो. “तुह्या आवाजाचा भोपळा अजून निपजला नाही रे,” म्हणत. माझ्याच वेलाचे भोपळे आणि मलाच नन्ना! मी रुसायचो, ते हसायचे. शेवटच्या भेटीत मात्र म्हणाले, “यंदाचा जमला वाटते. तारा चढवतो, मंग ये.”

गेल्या शुक्रवारी धीर करून त्यांच्या घरी गेलो. भाभींनी एक तंबोरा माझ्यापुढे ठेवला. “भाऊ, तारा चढवल्या होत्या. तुमाले बोलावणारच होते. पण हाक मारूनच घ्या. त्यायची रीत होती.”

समोर त्यांची करवत, त्यांचं बसायचं रिकामं पोतं... कोणाला हाक मारू? बायकोचं नाव ओठांवर आणलं आणि तोंडातून निघालं, “रहीमभाई!”

तारा झणकारल्या. भाभींनी तोंडाला पदर लावला. नाद विरला तरी मी आतल्या दाराकडे बघत उभा होतो... “ओ” येईल म्हणून.