गाडीत पक्का बसवलेला वाटाड्या

लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासेसच्या पाट्या लागल्या त्या वर्षांत मी आठवड्याचे काही दिवस लातूरला आणि काही दिवस नांदेडला फिजिक्स शिकवत होते. जुनी छोटी गाडी होती, मीच चालवायची. परदेशात असलेल्या धाकट्या भावानं सुट्टीला येताना तळहाताएवढं एक यंत्र आणून दिलं. ते काचेला चिकटवायचं. पडद्यावर नकाशा दिसायचा आणि एक बाई इंग्रजीत वळणं सांगायची. अहमदपूरवरून जाणारा तो रस्ता मला पाठ होता, तरी मी यंत्र लावूनच निघायची. उपग्रहाची कक्षा फळ्यावर काढून काढून माझे हात खडूनं पांढरे झाले होते. त्याच उपग्रहांचा निरोप आता माझ्या काचेवर उतरत होता, आणि मला त्याचं लहान मुलीसारखं अप्रूप वाटायचं.

यंत्राची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटात खोचलेली असे. एकदा लोह्याच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, प्लग निसटला आणि वायर खाली पडून माझ्या सँडलमध्ये अडकली. समोर उसाची ट्रॉली होती. ब्रेककडे नेलेला पाय हिसका देऊन सोडवावा लागला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतला ऊस बॉनेटवर आलेला होता.

घरी वडिलांना सांगितलं. अण्णा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "काढून टाक ते खूळ."

"काढत न्हाई अण्णा. नीट बसवते."

"मग मी बी येतो संगं. एकटीनं करू नको."

रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी करून आम्ही फ्यूजबॉक्स उघडला. चावी बंद केली की ज्याची वीज जाते असा फ्यूज हवा होता, नाहीतर यंत्र गाडीची बॅटरी रात्रभर पीत बसलं असतं. मी चावी फिरवत होते आणि अण्णा टेस्ट लॅम्प धरून ओरडत होते, "पेटला! विझला!" रेडिओचा फ्यूज तसा निघाला. मग चावी काढून बॅटरीची मायनस तार सोडवली आणि बाजूला बांधून ठेवली. रेडिओच्या जागी दोन फ्यूज बसतील असा होल्डर लावला, एक रेडिओचा आणि एक आमचा, बारका. पुढे वायर कुठे घासलीच, तर आधी तो बारका उडावा आणि गाडीला आग लागू नये.

"थेट जोडलं तर?" अण्णांनी मला परीक्षेत विचारावं तसं विचारलं.

"गाडीचे बारा व्होल्ट, याला लागतात पाच. जळून जाईल." म्हणून मध्ये बाराचे पाच करणारी डबी घातली. काळी तार बॉडीच्या एका बोल्टखाली, रंग खरवडून उघड्या लोखंडावर कसली. वायर डॅशबोर्डच्या कडेनं नेली, स्टिअरिंग आणि पेडलांपासून लांब, आणि जागोजागी पट्ट्यांनी बांधली. एअरबॅग असत्या तर वायर त्यांच्या आड येत नाही ना, हेही बघावं लागलं असतं, पण त्या गाडीत त्या नव्हत्या. शेवटी मायनस तार परत लावली आणि चावी फिरवली.

पडदा उजळला. कोपऱ्यात उपग्रहांच्या काड्या एकेक करून उभ्या राहायला लागल्या. अण्णा बोट ठेवून बघत होते.

"हे सगळे आत्ता आपल्या डोक्यावर हायेत?"

"हाव."

ते गाडीतून उतरले आणि कपाळावर हात धरून उन्हात वर बघत राहिले. मग म्हणाले, "आपलं जुनं गाव दिसत असंल का त्यायला?"

गाव औशाच्या पलीकडे होतं. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला शिकत होते. अण्णाही नोकरीमुळे आमच्याबरोबर तिथेच होते. त्या पहाटे गावात माझी थोरली काकू दगडामातीखाली गेली. पुढे गाव दुसरीकडे वसवलं. थोरले काका तिथल्या नव्या घरात राहायला गेले, पण जुन्या जागेवर अण्णांनी पुन्हा पाऊल ठेवलं नव्हतं.

"त्यांना दिसत काही न्हाई अण्णा. पण तुम्ही जागा दाखवली तर हे ती लक्षात ठेवील."

"चल मग."

जुन्या गावात बाभळी माजल्या होत्या. पडद्यावर तिथे कोरी जागा होती आणि मधोमध आमचा बाण. मी यंत्र काचेवरून काढून अण्णांच्या हातात दिलं, थोडा वेळ ते स्वतःच्या बॅटरीवर चालायचं. आडाचं दगडी तोंड सापडलं. तिथून अण्णा काटे बाजूला सारत निघाले आणि एकदम थांबले. "हा बाण बी चालला की माझ्यासंगं!" ते दोन पावलं मागे आले, पुन्हा पुढे गेले. बाण किंचित हलला. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"इथं ओसरी होती," ते म्हणाले. मी बटण दाबून जागा साठवली. नाव काय द्यायचं विचारलं, तर म्हणाले, "घर."

तिथून आम्ही काकांकडे चहाला गेलो. काका शेतकरी माणूस, बोलणं कमी. अण्णांनी सगळं सांगितलं. काकांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "फोटू हाय का घराचा?"

"न्हाई दादा. नुसती जागा."

काका उठले. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "मला न्या."

ते पुढच्या सीटवर बसले. मी यंत्रावर 'घर' लावलं. बाई इंग्रजीत बोलली तशी अण्णा मागून त्यांना समजावत होते, "डावीकडं म्हणतीय दादा." पडद्यावरचं अंतर कमी कमी होत गेलं. बाभळींपर्यंत गाडी गेली, पुढे आम्ही यंत्र हातात घेऊन चालत गेलो. बाणाचं टोक खुणेवर टेकलं आणि मी म्हणाले, "काका, आलं."

काकांनी खाली बघितलं. मग वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि काट्यांतच अनवाणी उभे राहिले. अण्णांनीही काढल्या. यंत्र माझ्या हातात होतं. मी ते बंद केलं नाही.