जावयाचा घरफाळा

अक्कांनी मला त्यांचं रामनगरचं घर विकलं आणि पुढं काही वर्षं त्या घराचा घरफाळाही, म्हणजे पंचायतीची घरपट्टीही, त्याच भरत राहिल्या. मला हे माहीत नव्हतं, असं मी लोकांना सांगतो. खरं असं की मी कधी विचारलंच नाही. फाळा मागायला कोणी येत नाही म्हणजे पंचायत आपल्याला विसरली, अशी मी सोयीची समजूत करून घेतली आणि चहाच्या टपरीवर ती बढाई मारून सांगितलीही. त्यात माझा धंदा विमा विकण्याचा. उद्याची तजवीज आजच करा, हे मी तालुकाभर सांगत हिंडतो.

अक्कांचे यजमान पिठाची गिरणी चालवायचे. ते गेल्यावर गिरणी बंद पडली. मूलबाळ नव्हतं, म्हणून घर विकून, आलेला पैसा गिरणीच्या कर्जात घालून अक्का कुंभारवाड्याला भावाकडं राहायला गेल्या. पण ‘विकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. ‘घर दिलं’ म्हणायच्या, लेक दिल्यासारखं. घर ही त्यांची लेक, तेव्हा मी जावई. खरेदीखताच्या दिवशी नोंदणी कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांनी मला पहिल्यांदा ‘जावईबापू’ म्हटलं. माझी बायको शेजारीच होती.

“घर यांची बायको, तर मग मी कोण, अक्का?” तिनं विचारलं.

“तू धाकली,” अक्का म्हणाल्या. “थोरलीला सांभाळून घे. पावसात तिची मागची भिंत ओलावती.”

मला हे जावईपण आवडलं. माझ्या खऱ्या सासरी माझी एवढी बडदास्त कुणी कधी ठेवली नव्हती.

व्यवहार ठरायच्या आधी मी त्याच घराच्या कट्ट्यावर कागद घेऊन बसलो होतो. हाताशी असलेली रक्कम, बँकेचं कर्ज, महिन्याचा हप्ता, नोंदणीचा खर्च, रंग, इतकंच काय, बायकोला आवडलेले पडदे, सगळं मांडलं. हप्ता जेमतेम झेपत होता, पण झेपत होता. अक्का मागं उभ्या राहून बघत होत्या.

“ह्यात फाळा कुठं हाय?”

“तो काय, किरकोळ असतो.”

“किरकोळ आसूं दे, पर वर्साला येतोच. हप्ता बँकंचा, फाळा पंचायतीचा. एकाला जेवाय घातलं म्हून दुसऱ्याचं पोट भरत न्हाई. आन् बँक एक दिस सोडंल तुमाला. पंचायत सोडायची न्हाई, घर हाय तवर.”

मी मान डोलावली. माझ्यासमोर विमा घेणारे डोलावतात, तशीच.

घराचा ताबा देताना दाराआडच्या कोनाड्यातला एक पत्र्याचा डबा त्यांनी माझ्या हातात ठेवला. गिरणी चालू होती तेव्हा दर महिन्याला त्या फाळ्यासाठी थोडे पैसे त्यात टाकायच्या, म्हणजे वर्षाअखेर जीव घाबरा होत नसे. “हिच्याबरोबर देतीय,” म्हणाल्या. “रिकामा ठेवू नका.” मी तो रिकामा ठेवला नाही. त्यात खिळे ठेवले. “आन् पंचायतीत घर तुमच्या नावावर करून घ्या,” असंही त्यांनी बजावलं होतं. मी म्हटलं, “करतो की.” पण खरेदीखत झालं होतं, बँकेनं कागद ठेवून घेतले होते. आता आणखी एका कचेरीत कोण ताटकळत बसणार, म्हणून ते राहिलं ते राहिलंच.

दर दिवाळीला अक्का बसनं यायच्या. पिशवीत नारळ, कोकम, फणसाचे पापड. उंबऱ्याला हळदीकुंकू लावायच्या, मागची भिंत हातानं चाचपायच्या आणि येऊन बाहेरच्या पायरीवर बसायच्या. चहा घ्यायच्या नाहीत. पाणीसुद्धा नाही. “लेकीच्या घरचं खात न्हाई आमी,” म्हणायच्या. बायको तरीही प्रत्येक वेळी कप आणून त्यांच्याजवळ ठेवायची आणि प्रत्येक वेळी तो मी प्यायचो.

एका वर्षी मी वर एक खोली चढवली. पायरीवरून मान वर करून अक्का बराच वेळ बघत राहिल्या. “लेकीनं बाळसं धरलंय,” एवढंच म्हणाल्या. मी खूश झालो. पंचायतीनं रस्त्यावरूनच ते बाळसं मोजलं होतं आणि फाळा वाढवला होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

मग एका दिवाळीला अक्का आल्या नाहीत. पुढच्या आठवडी बाजारात त्यांचा भाऊ तांदूळ घेऊन बसलेला दिसला.

“या जावई. सासरची आठवण झाली व्हय?”

“अक्का आल्या नाहीत या खेपेला?”

“कशी यील? बसच्या भाड्याचं पैसं तुमच्या फाळ्यात गेलं.”

“माझा कसला फाळा?” मी विचारलं. त्यानं मापटं बाजूला ठेवलं आणि नीट सांगितलं. पंचायतीच्या दप्तरी घर अजून अक्कांच्याच नावावर होतं. फाळ्याची मागणीचिठ्ठी त्यांच्या नावानं निघायची, पंचायतीचा माणूस ओळखीचा, तो ती बसमधून कुंभारवाड्याला धाडायचा. अक्का भातकापणीच्या मजुरीतून भरायच्या.

“मला सांगायचं तरी,” मी म्हणालो.

“जावयाकडं पैसं मागायचं? न्हाई आमच्यात ती रीत.” मग त्यानं आवाज उतरवला. “पैशाचं ऱ्हाऊ दे. माझ्या परड्यात तिला सरकारी घर मिळणार हुतं. यादीतनं नाव उडालं. का, तर रामनगरात तिच्या नावावर पक्कं घर हाय म्हनं. वर खोली आसल्यालं.”

अक्का भावाच्या पडवीत गोणपाटाच्या आडोशाला राहत होत्या. माझ्या घराला पडदे होते.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत जाऊन बसलो. घर माझ्या नावावर व्हायला काही खेटे पडले, अवघड मात्र त्यात काहीच नव्हतं. अक्कांचं नाव पुढच्या यादीसाठी परत गेलं. मधला एक पावसाळा त्यांनी पडवीतच काढला, तो मी माझ्या खात्यावर धरतो. पैसे घेऊन कुंभारवाड्याला गेलो, तर सुपातले तांदूळ पाखडत त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. “लेकीच्या घरचं घेत न्हाई मी. ठाव हाय न्हवं?” पाकीट घेऊन मी परत आलो. डब्यातले खिळे काढले आणि पाकीट त्यात ठेवलं. त्यांचं बसभाडंही मी त्यांना देऊ शकत नव्हतो, इतका मी त्यांचा मानाचा जावई होतो.

पुढच्या दिवाळीला त्या आल्या. भावानं भाडं दिलं असावं. नारळ, हळदीकुंकू, भिंतीवर हात, सगळं नेहमीसारखं. पायरीवर बसल्या. बायकोनं कप आणून ठेवला. मी डबा घेऊन आलो आणि त्यांच्यासमोर खालच्या पायरीवर बसलो.

“अक्का, माफी मागायचीय.”

“जावयानं माफी मागू न्हाई. मला पाप लागंल.”

“जावई म्हणून नाही मागत,” मी म्हणालो. “आजपासून मी तुमचा जावई नाही. मी तुमचं घर विकत घेतलेला माणूस आहे. हे घर तुमच्या लेकीचं नाही, माझं आहे, आणि याचा फाळाही माझाच होता. तो तुम्ही भरलात, आणि त्यापायी तुमचं घर अडलं. चुकलो, अक्का. हे तुमचे पैसे घ्या. आणि चहा प्या, निवतोय.”