सांध्याची चावी

माझ्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. उरलेली दोन माणगावजवळच्या एका लहान स्टेशनात गेली, आणि ती कोणामुळे गेली हे मी एक दिवसही विसरलेलो नाही. बायको म्हणते, सोडून द्या आता. माझा स्वभाव सोडून देण्याचा नाही.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा म्हणजे सांधा. तिथला रूळ मोटरवर सरकतो आणि त्याचं बटण असतं लांब, स्टेशनमास्तरांच्या खोलीत. म्हणून सांध्यात ग्रीस लावायला हात घालण्याआधी मास्तरांच्या पॅनेलमधून एक चावी काढून आणायची. चावी बाहेर असेपर्यंत बटण कितीही दाबा, सांधा जागचा हलत नाही. आमच्या टोळीची रीत ठरलेली होती : ज्याचा हात आत, चावी त्याच्याच खिशात. सख्ख्या भावाकडेही द्यायची नाही.

मी ती साहेबाकडे दिली. आठ वर्षं झाली त्याला. साहेब आमचा सुपरवायझर, पनवेलकडचा, कायम घाईत. "चावी माझ्याकडे दे, मी इथेच उभा आहे," म्हणाला. साहेबाला नाही कसं म्हणायचं? मी दिली आणि खाली वाकलो. तेवढ्यात गाडीला उशीर होतोय असा मास्तरांचा निरोप आला, आणि हा गृहस्थ मला हाकसुद्धा न मारता चावी पॅनेलला लावून मोकळा झाला. मास्तरांनी बटण दाबलं. पुढचं सांगत नाही.

चौकशीत त्याने लिहून दिलं की काम संपल्यावर मीच चावी परत केली आणि नंतर कोणाला न सांगता पुन्हा हात घातला. माझ्या फाइलीत 'स्वतःचा निष्काळजीपणा' असा शेरा बसला. घर माझं बोर्ली पंचतनच्या खाली, समुद्राला लागून. वडील होडीवाले. जाळं फाटलं की आम्ही भाऊ मिळून सांधायचो, त्यात माझा हात सगळ्यांत चपळ होता. आता जाळं पसरलं की मी उठून आत जातो. बोटांचं दुःख होतंच, पण त्या शेऱ्याने माझं रक्त आटवलं. मनातल्या मनात मी त्या माणसाचे हात किती वेळा सांध्यात घातले असतील, मोजदाद नाही.

गेल्या वर्षी तो बढती घेऊन तपासणीला आला. मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. आमचं ग्रीस लावणं त्याला पसंत पडेना. "बाजूला हो, दाखवतो," म्हणत बाह्या सरसावल्या आणि स्वतःच हात आत घातला. चावी माझ्या खिशात होती. त्याने मागितली नाही.

वॉकीटॉकीवर मास्तर बोलले, "चावी आणा, गाडी जवळ आलीय."

उत्तरासाठी मी वॉकीटॉकीचं बटण दाबून साहेबाच्या तोंडापाशी धरलं. तो खाली मान घालूनच म्हणाला, "देऊन टाक. तू पोचेपर्यंत माझं होतंय."

मी निघालो. खोटं कशाला बोलू, पायांत हत्तीचं बळ आलं होतं. मला काही करायचंच नव्हतं, फक्त हुकूम पाळायचा होता. मास्तरांनी हात पुढे केला. माझी मूठ उघडली होती. मग माझं लक्ष माझ्याच पंजाकडे गेलं आणि मी ती मिटली.

"मास्तर, साहेबांचा हात आत हाय. चावी न्हाय देत."

मास्तर पांढरेफटक पडले. गाडी बाहेरच्या सिग्नलला थांबवून ते माझ्यामागोमाग धावत आले. साहेब ग्रीसने माखलेला हात आत ठेवूनच ओरडत होता, "गाडी का थांबली रे?"

"तुमच्यासाठी," मी म्हणालो आणि चावी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

त्याने झटक्यात हात बाहेर काढला. बोटं उघडून मिटून पाहिली. मग म्हणाला, "वाचवलंस रे मला."

"तुमच्यावर दया न्हाय आली, साहेब. मला तुमची बोटं शाबूत हवी व्हती."

खिशातून मी घडी घातलेला कागद काढला. सात वर्षं तो माझ्याजवळ होता, घड्यांवर फाटायला आलेला. त्या दिवशी चावी कोणी घेतली आणि कोणी परत लावली, एवढंच त्यात लिहिलं होतं.

"आजचा हुकूम मास्तरांनी पण वॉकीटॉकीवर ऐकलाय," मी म्हणालो. "त्याचा वेगळा कागद करू, का यावर सही करताय?"

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर माझ्या हाताकडे पाहत होते. त्यांनी खिशातलं पेन काढून साहेबापुढे धरलं.

सही मोठी वळणदार केली त्याने. मला पूर्वी यायची तशी.